पतंग, वारा आणि ओहोटी

संक्रांत आली की पोरे पतंग उडवतात. पतंग वर चढला की दोऱ्याला ओढ लागते. ही ओढ आपल्या सर्वांच्या हाताला ठाऊक आहे. आता असा विचार करा. पतंग एखाद्या खोलीच्या जमिनीएवढा मोठा केला, तर तो माणसालाच ओढून नेईल की नाही? नेईल, हो!

याच ओढीवर एक खेळ निघाला आहे. माणूस फळीवर पाय रोवतो. कमरेच्या पट्ट्याला पतंगाचे दोर अडकवतो. मग वारा त्याला पाण्यावरून पळवतो. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. 1984 साली फ्रान्समधील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी हवा भरून फुगवायचा पतंग तयार करून त्याच्या हक्काची नोंद केली. असा पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही.

मॉरिशस बेटावर हा खेळ फार चालतो. हे बेट आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात आहे. 1834 सालापासून आपल्या देशातील मजूर तेथे उसाच्या मळ्यांवर नेले गेले. पुढे त्यांत कोकणची मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा 556 मीटर उंच डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या समुद्रावर हा खेळ रंगतो.

तेथे मे ते ऑक्टोबर या महिन्यांत आग्नेयेकडून वारा वाहतो. हाच वारा पुढे विषुववृत्त ओलांडतो. पृथ्वी फिरते म्हणून तो वळतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे पाऊस घेऊन येतो. म्हणजे तेथला पतंग आणि आपली पेरणी एकाच वाऱ्यावर आहेत, बरं का!

या खेळात वाऱ्याचा जोर आधी पाहावा लागतो. ताशी 22 ते 45 किलोमीटर वारा या खेळाला चालतो. पण एक हिशेब ध्यानात ठेवा. वारा दुप्पट झाला, तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून वारा वाढला की जाणता माणूस लहान पतंग घेतो. फारच वाढला तर काठावर बसून राहतो.

मग दिशा पाहावी. वारा समुद्राकडून सरळ किनाऱ्यावर येत असेल, तर तो माणसाला खडकावर किंवा झाडावर आपटतो. जमिनीकडून समुद्राकडे जात असेल, तर आत खोल नेतो. किनाऱ्याला बाजूने लागणारा वारा चांगला. डोंगराच्या आडचा वारा मात्र झटक्याझटक्याने येतो. त्याचा भरवसा धरू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने समुद्र चढतो आणि उतरतो. चढतो ती भरती, उतरतो ती ओहोटी. एका भरतीनंतर साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, त्याला कोकणात भांग म्हणतात. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरांहून अधिक चढते. मॉरिशसला मात्र ते सुमारे अर्धा मीटरच चढते.

मग अर्ध्या मीटरला काय भ्यायचे, असे तुम्ही म्हणाल. तेथेच फसगत होते! बेटाभोवती पोवळ्यांच्या खडकांचा बांध आहे. बांधाच्या आत पाणी उथळ आणि शांत असते. ओहोटी लागली की पाणी आणखी उतरते आणि धारदार पोवळी फळीच्या जवळ येतात. शिवाय आतले पाणी बांधाच्या खिंडारातून जोराने बाहेर पडते. शेताचा बांध फुटला की पाणी कसे धावते, ते आपण पाहिले आहेच. पतंग पाण्यात पडला आणि माणूस त्या धारेत सापडला, तर तो भर समुद्रात जातो. पट्टीचा पोहणाराही त्या धारेविरुद्ध थकतो.

म्हणून शहाणा खेळाडू पाण्यात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक वाचतो. तेथल्या कोळ्यांना विचारतो. एकटा जात नाही. पतंगाची ओढ झटकन तोडणारी कळ हाताशी आहे ना, हे पाहतो. वादळाचा इशारा मिळाला, तर खेळाचे नाव काढत नाही.

आपण हा खेळ खेळू किंवा न खेळू. पण नदी, खाडी, तलाव आपल्यालाही ओलांडावे लागतात. पाणी वरून शांत दिसते, पण आत त्याची ओढ असते. पाटीवर लिहिलेला इशारा आता आपल्याला वाचता येतो. तो वाचावा, जाणत्याला विचारावे, आणि मगच पाण्यात पाय टाकावा.

प्रश्न
1. वारा दुप्पट झाला तर पतंगाची ओढ किती होते?
2. अर्ध्या मीटरची ओहोटीही धोक्याची का ठरते?
3. तुमच्या गावाजवळ पाण्याची धोक्याची जागा कोणती? तेथे लावण्यासाठी पाटीवर दोन ओळी लिहा.