स्पंजातील बिऱ्हाडकरू मासा

पाटी पुसण्याचा स्पंज मुलांच्या परिचयाचा असतो; मात्र बाजारातील तो तुकडा बहुधा कारखान्यात झालेला असतो. खरा स्पंज हा प्राणी होय. त्यास वनस्पती म्हणून शिकविण्याची चूक वर्गातून होऊ नये. लहानपणी रुजलेले चुकीचे ज्ञान पुढे सहजासहजी निघत नाही.

स्पंजास तोंड नाही, पोट नाही. अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून तो पाणी आत ओढतो, त्यातील अन्नकण टिपतो आणि मोठ्या छिद्रावाटे ते बाहेर सोडतो. कॅरिबियन समुद्रात काही स्पंज नळीसारखे वाढतात. त्या नळीत गोबी जातीचा, जेमतेम चार-पाच सेंटीमीटर लांबीचा, पिवळ्या पट्ट्याचा मासा राहतो. पोटाखालचे पर जुळून झालेल्या चकतीने तो भिंतीस चिकटतो. स्पंजाच्या अंगातील बारीक कृमी तो खातो. बिऱ्हाडाचे भाडेच म्हणावयाचे! मादी नळीतच अंडी घालते व नर त्यांची राखण करतो. स्पंज मेला की हे कुटुंब उघड्यावर पडते.

कोकणच्या चिखलातील निवटी याच गोतातील. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ व स्पंज आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. पुण्याच्या प्रत्येक शाळेस मुलांना तेथे नेणे शक्य नाही. परंतु गोड्या पाण्यातील स्पंज पुणे परिसरातही आढळतात. पाणी आटले म्हणजे ते मण्यांसारख्या सूक्ष्म कोषांच्या रूपाने तग धरतात. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या दगडावर असा खरखरीत थर आढळल्यास शिक्षकांनी तो भिंगातून दाखवावा. खरवडू मात्र देऊ नये.