पडद्याचं कापड गावाहून न्यावं का?

सिंगापूर, दुबई, मस्कत इथे संसार थाटून बरीच वर्षं झालेली मराठी घरं नव्याने येणाऱ्यांना जे सांगतात, ते बिडकीन-पैठणकडून तिकडे निघालेल्यांसाठी इथे एकत्र केलं आहे. घरभाडं, शाळा, किराणा याबद्दल सगळेच विचारतात. पडद्यांबद्दल कुणी विचारत नाही, आणि मग महिना-दोन महिन्यांत पडद्याच्या खालच्या दुमडीत काळे ठिपके दिसू लागतात.

बिडकीनचा उन्हाळा कडक, पण कोरडा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारच्या हवेत ओल अगदी थोडी असते. म्हणून आपल्याकडे जाड पडदा, दारावर ओली चादर, वाळ्याची ताटी, कूलर हे सगळं कामाला येतं. पाणी भराभर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. सिंगापुरात वर्षभराची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आहे आणि पहाटे ती ९०च्या पुढे जाते. तिथे ओली चादर टांगली तर ती ओलीच राहते, शिवाय खोलीतला दमटपणा वाढतो. गावाकडे पडदा ऊन अडवतो की नाही एवढंच बघायचं. तिथे तो धुतल्यावर वाळेल का, हे आधी बघायचं.

कापडाची निवड यावरच ठरते. मध्यम दमट हवेतसुद्धा सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवतो. लिनन आणि रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास, व्हिस्कोस त्याहून थोडं जास्त. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. हवा जितकी दमट, तितके सुती-रेशमाचे आकडे आणखी चढतात. वर सूत हे बुरशीचं खाद्यच आहे. पॉलिएस्टर खाद्य नसलं तरी त्यावर बसलेली धूळ आणि साबणाचा अंश चालतो तिला, त्यामुळे पॉलिएस्टर लावलं की सुटलो असं नाही.

आमच्या मते दिवाणखान्याला पातळ पॉलिकॉटन किंवा सुती वॉइल आणि झोपण्याच्या खोलीला घट्ट विणीचं पण हलकं पॉलिएस्टर, एवढ्यावर बहुतेक घरं भागतात. मखमल आणि जाड जॅकार्ड विसरा. पाठीला रबरासारखा थर दिलेले ‘ब्लॅकआउट’ पडदे दुकानात छान वाटतात, पण दमट उष्ण हवेत स्वस्तातला थर चिकट होतो, पापुद्रे सुटतात. अंधार हवाच असेल तर काळा धागा विणलेलं, तीन थरांचं कापड मागा. स्वयंपाकघरात शेगडीजवळ पॉलिएस्टर नकोच. ज्योत लागली तर ते वितळून अंगाला चिकटतं. तिथे धुऊन पुसता येणारी ॲल्युमिनियमची पट्ट्यांची झडप बरी.

हिमरूचं काय, असं हमखास विचारलं जातं. संभाजीनगरचं हे सूत-रेशमाचं विणकाम परदेशातल्या घरात मिरवावं असं कुणालाही वाटेल. मिरवा, पण खिडकीवर नको. रेशीम उन्हाने कुजतं आणि ओल धरतं. शिवाय ते दर महिन्याला धुता येत नाही. आतल्या कोरड्या भिंतीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर ते टिकतं.

गावाहून सुती कापड नेणार असाल तर शिवण्याआधी ते गरम पाण्यात भिजवून, खळ पूर्ण काढून वाळवा. याची कारणं दोन. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ; बुरशीला याहून आवडतं काही नाही. आणि कोरं सुती कापड पाच टक्क्यांपर्यंत आटू शकतं, म्हणजे सात फुटी पडदा पहिल्या धुण्यात चार इंच आखूड. धुतल्यावर पुन्हा खळ घालण्याची आपली सवयही तिथे सोडावी.

चुण्यांचंही तसंच. आपल्याकडे खिडकीच्या दुप्पट कापड लागतं, नाहीतर पडदा कंजूष दिसतो. दमट हवेत दाट चुण्यांच्या आत वारा जात नाही, म्हणून दीडपट पुरे. सहा फुटी खिडकीला ५४ इंची पन्ह्याचे दोन पट्टे म्हणजे बरोबर दीडपट. पडदा जमिनीपासून इंच-दीड इंच वर आणि भिंतीपासून चार बोटं पुढे असावा. दांडी आणि कड्या स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या घ्या. साध्या लोखंडाचा गंज कापडावर उतरला की जात नाही.

आता एसी. सिंगापुरात पुष्कळ घरं रात्री झोपण्याच्या खोलीतच एसी लावतात आणि सकाळी खिडक्या उघडतात. बाहेरची दमट हवा गार भिंतीवर, गार कापडावर आली की ओल धरते. एसी बंद केल्यावर पडदे पूर्ण सरकवून थोडा वेळ पंखा लावला की बराच फरक पडतो. दुबई-मस्कतला प्रकार वेगळा: जून ते सप्टेंबर दमट उकाडा असतो, पण एसी दिवसरात्र चालू, त्यामुळे घराच्या आतली हवा कोरडी राहते आणि दव काचेच्या बाहेरून जमतं. तिथे शत्रू धूळ. सुट्टीला भारतात येताना मात्र एसी साफ बंद करून महिनाभर घर कोंडलं, तर परतल्यावर पडदे, कपाट, चपला सगळ्यांवर बुरशी मिळते. ओमानमधल्याच सलालाला खरिपाच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, रिमझिमीत तर सिंगापूरचेच नियम धरावेत.

दिशाही नव्याने शिकावी लागते. बिडकीनला वर्षातला बहुतेक काळ दुपारचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून येतं. सिंगापूर विषुववृत्तालगत असल्याने जूनमध्ये ऊन उत्तरेच्या खिडकीत शिरतं आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या. पश्चिमेची खिडकी बाराही महिने तापते. पैसे तिथे खर्च करा.

म्हणून आधी शिवून नेऊ नका. पहिले काही आठवडे खिडकीला पातळ चादर अडकवून ऊन कुठून येतं ते पाहा, मापं घेऊन घरी कळवा. मग बिडकीनच्या शिंप्याकडून शिवून मागवले तरी चालतील: मध्यम वजनाच्या सुती कापडाचा एक पट्टा जेमतेम अर्धा किलो भरतो, म्हणजे चार खिडक्यांचे पडदे येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत चार-पाच किलोंत मावतात.