मुळांवरील गाठी व त्यांतील जिवाणू

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते. परंतु पिकांना ते तसेच घेता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हे नत्र पिकास उपयोगी अशा रूपात आणतात व मोबदल्यात पिकाकडून शर्करा घेतात.

हरभरा फुलावर येताना एक रोप खणून काढावे. उपटू नये, कारण गाठी जमिनीतच तुटून राहतात. कापलेली गाठ आतून गुलाबी दिसल्यास जिवाणू कार्यक्षम आहेत असे समजावे. गाठी नसल्यास किंवा त्या आतून पांढऱ्या वा हिरवट असल्यास पुढील हंगामात बियाण्यास हरभऱ्याचेच जिवाणू संवर्धन चोळावे; भुईमुगाचे उपयोगी पडत नाही. असे बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. उन्हाने जिवाणू मरतात व केलेला खर्च वाया जातो.