इस्रोचा क्लास नको, एक नेमका प्रश्न हवा

"मुलगा पाचवीत आहे. इस्रोत जायचं म्हणतो. आत्तापासून कुठला क्लास लावू?" चंद्रयान-3 चंद्रावर उतरल्यापासून करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या आईबाबांच्या आवाजात कौतुक असतं आणि धास्तीही असते. पोराचं स्वप्न मोठं आहे, आपणच कुठे कमी पडलो तर?

उत्तर सरळ आहे. पाचवीतल्या मुलाला इस्रोत पोहोचवणारा क्लास अस्तित्वात नाही. तशी पाटी कुठे दिसली, तर फी भरण्याआधी तिथे नेमकं काय शिकवतात ते विचारा. पण म्हणून दहावीपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. पाचवी-सहावीच्या वयाची मुलं अवकाशासाठी प्रयोग आखू शकतात. अमेरिकेत ती आखतात, आणि त्यातले काही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात जाऊनही येतात. त्या मुलांकडून नेमकं काय करून घेतात ते पाहिलं, की आपल्या घरी काय करायचं हेही उमगतं.

वीतभर नळीतली प्रयोगशाळा

2010 साली अमेरिकेत 'स्टुडंट स्पेसफ्लाइट एक्स्पेरिमेंट्स प्रोग्रॅम' सुरू झाला. पाचवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना त्यात भाग घेता येतो. 2011 मध्ये स्पेस शटलच्या शेवटच्या दोन उड्डाणांतून या कार्यक्रमाचे प्रयोग गेले, आणि 2012 पासून ते अंतराळ स्थानकावर जाऊ लागले. एका गावातली किंवा शालेय जिल्ह्यातली शेकडो मुलं गट करून प्रस्ताव लिहितात. स्थानिक समिती त्यातले तीन निवडते, वरची समिती एक. तो एकच वर जातो.

मुलांच्या हाती येते ती एक सिलिकॉनची नळी, जेमतेम वीतभर लांबीची. बाहेरून चिमटे लावून तिचे दोन किंवा तीन कप्पे करता येतात. वीजजोडणी नाही, कॅमेरा नाही, पडदा नाही. ठरलेल्या दिवशी अंतराळवीर चिमटा काढतो, नळी हलवतो, कप्प्यांतले पदार्थ एकमेकांत मिसळतात. वर घडतं ते एवढंच. बाकी सगळी हुशारी नळी भरण्याआधी, खाली वर्गात खर्च झालेली असते.

आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गटाने ठरवलं, की अवकाशात दही लागतं का ते पाहायचं. एका कप्प्यात दूध, दुसऱ्यात विरजण, मध्ये चिमटा. सोपं वाटतं ना? आता अडचणी बघा. नळी उड्डाणाच्या काही दिवस आधी सोपवावी लागते आणि परत यायला आठवडे लागतात. तोवर दूध नासेल. मग दुधाची भुकटी आणि पाणी वेगवेगळं ठेवायचं का? ओलं विरजण इतके दिवस तग धरेल, की वाळवलेले जिवाणू घ्यावे लागतील? आणि नळी जमिनीवर परतल्यावरही दही लागतच राहिलं, तर वर काय झालं आणि खाली काय झालं हे वेगळं कसं काढणार? म्हणजे तिसऱ्या कप्प्यात ती क्रिया थांबवणारं रसायन हवं, आणि परतीच्या आधी दुसरा चिमटा उघडायला हवा.

दह्यापासून निघालेली मुलं इथे जिवाणूंची वाढ, तापमान, रसायनांची सुरक्षितता आणि वेळापत्रक एवढ्या सगळ्यांत शिरतात. संशोधन म्हणतात ते हेच.

प्रश्न घासूनपुसून घ्यावा लागतो

"अवकाशात झाड उगवेल का?" हा कुतूहलाचा प्रश्न आहे, प्रयोगाचा नव्हे. त्याचा प्रयोग करायचा तर तो लहान करावा लागतो. "मुळं खालच्या दिशेने वाढतात. 'खाली' ही दिशाच राहिली नाही, तर ती कुठे वळतील?" असं विचारलं, की मोजण्यासारखं काहीतरी हाती लागतं.

त्यासाठी मूळ संकल्पना मात्र नीट समजलेली हवी. अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं असं पुष्कळ मोठी माणसंही सांगतात, आणि ते चुकीचं आहे. स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असते. पण स्थानक ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती सतत पडत असतं आणि आतली माणसं, बिया, पाण्याचे थेंब सगळं त्याच्यासोबत पडत असतं. म्हणून वजन जाणवत नाही. मग गरम हवा वर चढत नाही, गाळ तळाशी बसत नाही, मेणबत्तीची ज्योत निमुळती न राहता गोल होते. आपल्या प्रयोगात यातलं नेमकं काय बदलणार, हे ज्याला सांगता येतं त्याचा प्रस्ताव टिकतो. अवकाशात नेल्याने काहीच फरक पडणार नसेल, तर तो प्रयोग वर कशाला न्यायचा?

नेमक्या प्रश्नाचा एक जुना नमुना आहे. 1973 मध्ये सोडलेल्या स्कायलॅब अंतराळ स्थानकासाठी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांकडून प्रयोग मागवले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या जुडिथ माइल्स या विद्यार्थिनीने विचारलं, की कोळी जाळं विणताना स्वतःच्या वजनाचा अंदाज घेतो, मग वजनच जाणवलं नाही तर तो कसं विणेल? अ‍ॅराबेला आणि अनिता या दोन कोळणी वर गेल्या. सुरुवातीची जाळी विस्कळीत झाली, पुढे हळूहळू नीट जमू लागली, पण धागा पृथ्वीवरच्यापेक्षा बारीक निघाला. प्रश्न दोन ओळींचा होता, पण 'वजन' या एकाच गोष्टीवर बोट ठेवणारा.

दुसरी कसोटी तुलनेची. जो प्रयोग वर जातो, तसाच दुसरा त्याच वेळी जमिनीवर करायचा. बदल एकाच गोष्टीत, बाकी सगळं सारखं. कॅनडात 2001 पासून चालणाऱ्या 'टोमॅटोस्फिअर' उपक्रमात हे प्राथमिक शाळेतली मुलंही करतात. वर्गाला टोमॅटोच्या बियांची दोन पाकिटं मिळतात. एक अवकाशात जाऊन आलेलं, दुसरं साधं. कुठलं कोणतं हे मुलांनी किती बिया रुजल्या ते कळवेपर्यंत सांगत नाहीत, कारण माहीत असेल तर नजर नकळत पक्षपात करते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा पटलं, की जाहिरातीतले "संशोधनाने सिद्ध" झालेले दावेही तो वेगळ्या नजरेने वाचू लागतो.

मोड आणायचा प्रयोग, आपल्या ओट्यावर

हे सगळं अमेरिकेतलं, कॅनडातलं म्हणून सोडून देऊ नका. 2025 च्या जून-जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा त्यांनी केलेल्या भारतीय प्रयोगांत मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग होता. त्याआधी, 2024 च्या डिसेंबरअखेर गेलेल्या पीएसएलव्ही-सी60 रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोने चवळीच्या आठ बिया पाठवल्या आणि चार दिवसांत त्या रुजल्या. त्याच टप्प्यावर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींवरचा प्रयोगही होता.

मूग, मेथी, चवळी. सामान घरात आहेच. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या मशीनवर सेकंदकाट्याच्या जागी पुठ्ठ्याची हलकी, तोल साधलेली चकती बसवा. ओल्या टिपकागदावर मोहरी किंवा मेथीचे दाणे चिकटवून ती उभी फिरू द्या. दर मिनिटाला एक फेरी होते, त्यामुळे रुजणाऱ्या मुळाला 'खाली' कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. शेजारी तशीच, पण न फिरणारी चकती ठेवा. दोन्हींना पाणी, उजेड, दाण्यांची संख्या सारखी. रोज त्याच वेळी मुळांचा कोन कोनमापकाने मोजून वहीत लिहायचा. प्रयोगशाळांत याच तत्त्वावर चालणारी यंत्रं वापरतात. यात खरं सूक्ष्मगुरुत्व, म्हणजे अवकाशातली वजन न जाणवण्याची स्थिती, तयार होत नाही, फक्त गुरुत्वाची दिशा सतत बदलत राहते, हा फरकही मुलाला कळायला हवा.

आणि फसलं तर?

28 ऑक्टोबर 2014 रोजी अँटारीस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच स्फोट होऊन कोसळलं. त्यात सुरुवातीला सांगितलेल्या नळीवाल्या विद्यार्थी कार्यक्रमाचे 18 प्रयोग होते. मुलांनी ते पुन्हा तयार केले आणि जानेवारी 2015 मध्ये ते दुसऱ्या रॉकेटने गेले. आपल्याकडे 75 शाळांतल्या 750 मुलींचा हात लागलेला 'आझादीसॅट' उपग्रह 7 ऑगस्ट 2022 ला एसएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात योग्य कक्षेत पोहोचला नाही. 'आझादीसॅट-2' 10 फेब्रुवारी 2023 ला पोहोचला.

पालकांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. मेथी रुजलीच नाही, किंवा दोन्ही चकत्यांवर मुळं सारखीच वाढली, तर तो "नापास" प्रयोग नाही. वहीत तसंच लिहायचं, संभाव्य कारण लिहायचं आणि एक गोष्ट बदलून पुन्हा लावायचं. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बाबांनी थर्माकोलचं रॉकेट करून दिलं, तर बक्षीस मिळेलही, पण मुलाच्या पदरात यातलं काहीच पडणार नाही.

इयत्तेप्रमाणे काय करता येईल

*पाचवी ते सातवी:* एक प्रयोगवही आणि वर्षाला दोन-तीन छोटे प्रयोग पुरेत. सहावीत आणि पुढे नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा देता येते. लेखी परीक्षेसोबत प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत हे तिचे टप्पे आहेत, म्हणून ती नुसत्या पाठांतराने निघत नाही. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर सहावीपासून तिथे जाता येतं. सहावीपासूनच 'इन्स्पायर-मानक' योजनेत शाळा मुलांच्या कल्पना पाठवू शकते. निवड झालेल्यांना प्रतिकृतीसाठी 10,000 रुपये मिळतात. शाळेने नावं पाठवली का, हे मुख्याध्यापकांना विचारा. पुण्यात असाल तर आयुकाचं मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मुलाला दाखवाच.

*आठवी ते दहावी:* इस्रोचा 'युविका' कार्यक्रम 2019 पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी चालतो. निवड झालेली मुलं इस्रोच्या केंद्रांवर राहून शिकतात आणि खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शनं, स्पर्धा यांचा विचार होतो, आणि ग्रामीण शाळांतल्या मुलांना झुकतं माप असतं. गणित आणि भाषा या दोन्हींकडे दुर्लक्ष नको. प्रस्ताव लिहिता आला नाही, तर चांगला प्रश्नही वहीतच राहतो.

*अकरावीनंतर:* इथे वाटा फुटतात. अभियांत्रिकीकडे जायचं तर जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळू शकतो. मूलभूत विज्ञानासाठी पुण्याची आयसर आहे. बियांमध्ये जीव रमत असेल, तर एमएचटी-सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांची वाट धरता येते. पदवीच्या काळातही उपग्रह बनवता येतो. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम', दोन्ही 2016 मध्ये पीएसएलव्हीने कक्षेत गेले.

आणि ज्या घरात जेईईचं नाव काढलं तरी खर्चाचा हिशेब सुरू होतो, त्यांच्यासाठी: इस्रो आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्यांनाही तंत्रज्ञ आणि तांत्रिक सहायक म्हणून घेते. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांच्या हातांशिवाय रॉकेट उभं राहत नाही.

पालकांनी टाळाव्यात अशा तीन गोष्टी

पहिली, प्रमाणपत्रांचा ढीग. "बाल अवकाश वैज्ञानिक" असं छापलेला कागद कुठल्याही प्रवेशात मोजला जात नाही. दुसरी, कर्ज काढून केलेली 'नासा सहल'. ऐपत असेल तर सहल म्हणून जरूर करा, पण तिला प्रवेशाची पायरी समजू नका. तिसरी, घाईघाईने शिक्का मारणं. पाचवीत इस्रो म्हणणारी मुलगी आठवीत पशुवैद्य व्हायचं म्हणेल आणि बारावीत कायदा. त्यात वाया काय गेलं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तुलना ठेवायची, जे दिसलं तेच लिहायचं, या सवयी दवाखान्यात, शेतात आणि कोर्टातही उपयोगी पडतात. अमेरिकेतल्या त्या कार्यक्रमात एकाच गटाची नळी वर जाते, पण प्रस्ताव शेकडो मुलांनी लिहिलेले असतात. अशा सवयी त्या सगळ्यांना लागतात.

तेव्हा क्लासची चौकशी थांबवा आणि या रविवारी एक कोरी वही आणा. पहिल्या पानावर मुलाने एक प्रश्न लिहायचा, त्याखाली आपला अंदाज, आणि तो खरा की खोटा हे कसं मोजणार ते. प्रश्न त्याचाच असू द्या, अक्षर वाकडं असलं तरी चालेल. तुमच्याकडे काम एकच: उत्तर माहीत असलं तरी आठवडाभर सांगायचं नाही.