स्पर्शभिंगे आणि डोळ्यांची ॲलर्जी

वसंतारंभी उत्तर भारतात वावळाचे वृक्ष फुलू लागतात. पालवी फुटण्यापूर्वीच त्यांच्या फांद्यांवर बारीक, हिरवट फुले येतात आणि त्यांचे परागकण वाऱ्याबरोबर सर्वत्र पसरतात. दिल्लीसारख्या शहरात याच सुमारास अनेकांच्या डोळ्यांना कंड सुटते, ते लाल होतात व त्यांतून पाणी गळू लागते. पुण्याकडे 1955 च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजर गवतही याच उपद्रवाला कारण होते.

अशा व्यक्तीच्या शरीरात परागकणांतील प्रथिनांविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे आधीच तयार झालेली असतात. ती नेत्रश्लेष्मकलेतील मास्ट पेशींना चिकटून राहतात. तेच प्रथिन पुन्हा डोळ्यात आले, की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. कंड, सूज व लाली हे त्याचेच परिणाम होत. डोळे चोळल्याने क्षणभर बरे वाटते खरे. परंतु त्या दाबाने मास्ट पेशींतून आणखी हिस्टामिन सुटते आणि कंड वाढते. वर्षानुवर्षे डोळे चोळणाऱ्या मुलांत स्वच्छमंडल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोकाही असतो.

स्पर्शभिंग वापरणाऱ्याची अडचण दुहेरी असते. अश्रूंबरोबर एरवी वाहून गेले असते असे परागकण, धूळ आणि अश्रूंतील प्रथिने भिंगाला चिकटतात व तासन्‌तास डोळ्याशी लागून राहतात. 1961 मध्ये चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले यांनी मुलाच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर मऊ भिंगे घडवली. ही भिंगे पाणी शोषून घेतात, म्हणूनच ती सुखकर वाटतात. मात्र याच गुणामुळे थेंबांतील परिरक्षक द्रव्येही त्यांत मुरतात. पूर्वी भिंगांच्या द्रावणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या थायोमर्सालने कित्येकांना स्वतंत्रपणे ॲलर्जी जडवली होती. साचलेल्या थराच्या घर्षणाने वरच्या पापणीच्या आतल्या बाजूस मोठाले अंकुर उठतात, हे ऑस्ट्रेलियातील स्प्रिंग यांनी 1974 मध्ये नोंदवले. अशा रुग्णाचे भिंग पापणीबरोबर वर सरकते आणि डोळ्यात चिकट स्राव येतो.

उपाय सांगणे सोपे आहे, परंतु पाळणे तितके सोपे नाही. आपल्याकडे चष्म्याविषयीचा संकोच अद्याप पुरता गेलेला नाही. लग्न ठरण्याच्या वयातील मुली तर लाल डोळ्यांवरही भिंगे चढवतात. वस्तुतः त्रास असेपर्यंत भिंगे काढून ठेवून चष्मा वापरणे हाच पहिला उपचार होय. स्वच्छ कापडाची थंड पट्टी आणि परिरक्षकरहित कृत्रिम अश्रू यांनी आराम पडतो. ओलोपॅटॅडिनसारखे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. डोळे लाल नसतील आणि भिंगे लावायचीच असतील, तर थेंब घातल्यावर निदान 10 मिनिटे थांबावे. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी लाली झपाट्याने ओसरते, म्हणून ते दुकानातून परस्पर आणण्याची चाल पडली आहे. ती घातक आहे. दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो व गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो.

ॲलर्जीचे मुख्य लक्षण कंड हे आहे. वेदना, उजेड सहन न होणे किंवा नजर अंधुक होणे ही लक्षणे दिसली, तर स्वच्छमंडलाला जंतुसंसर्ग झाल्याचा संशय घ्यावा आणि भिंग काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. नळाच्या पाण्यात भिंग धुण्याची सवय येथे विशेष भोवते, कारण त्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव हट्टी व्रण निर्माण करतो.

डोळे पूर्ववत पांढरे झाल्यावर भिंगे पुन्हा सुरू करताना जुनी जोडी व जुनी डबी टाकून द्यावी. रोज नवी वापरून फेकण्याची भिंगे परवडत असतील तर उत्तमच, कारण त्यांवर थर साचण्यास अवधी मिळत नाही. स्वच्छमंडल शंकूसारखे झालेल्यांना मात्र सहसा कडक भिंगांवाचून नीट दिसत नाही. त्यांनी प्रथिने काढणारे द्रावण नेमाने वापरावे आणि ऋतू बदलताना तपासणी चुकवू नये. पहिले काही दिवस भिंगे थोडे तासच लावावीत, आणि वाऱ्याच्या दिवशी बाहेर जाताना चष्माच घालावा.