जुनी इलेक्ट्रिक गाडी : दाखला पाहावा की बॅटरी?

घरात जुनी इलेक्ट्रिक गाडी घेण्याची चर्चा निघाली की दोन शब्द कानावर पडतात : ‘सर्टिफाइड’ आणि ‘बिगर-सर्टिफाइड’. पहिली बहुधा महाग, दुसरी स्वस्त. प्रश्न आई-बाबांच्या कित्येक वर्षांच्या बचतीचा असतो. म्हणून या शब्दांचा अर्थ आज आपण समजून घेऊ आणि थोडे गणितही करू.

दाखला कोणाचा?

‘सर्टिफाइड’ हा दाखला सरकारी नसतो. गाडी बनवणारी कंपनी, तिचा डीलर किंवा जुन्या गाड्यांचा व्यापारी स्वतः तपासणी करून ठरावीक मुदतीची हमी देतो. बिगर-सर्टिफाइड गाडी आपण बहुधा थेट मालकाकडून ‘आहे तशी’ घेतो. व्यापाऱ्याच्या किमतीत तपासणी, दुरुस्ती, हमी आणि नफा आलाच. शिवाय जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवल्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरील नफ्यावर १८ टक्के कर लागतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला विकलेल्या गाडीवर तो लागत नाही.

बॅटरीचे गणित

पेट्रोलच्या गाडीत आपण इंजिनाचा आवाज ऐकतो. इलेक्ट्रिक गाडीत सर्वांत महागडा भाग बॅटरी, आणि ती गुपचूप झिजते. मूळ क्षमतेच्या किती टक्के क्षमता उरली, याला ‘स्टेट ऑफ हेल्थ’ म्हणतात.

२०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. एका युनिटला ७ किलोमीटर धरू.

नवी असताना : ३०.२ × ७ = सुमारे २११ किलोमीटर
८५ टक्के उरल्यास : २५.७ × ७ = सुमारे १८० किलोमीटर
७० टक्के उरल्यास : २१.१ × ७ = सुमारे १४८ किलोमीटर

बडोद्याहून भडोचला जाऊन परत येणे म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. दुसरी गाडी हा प्रवास सहज करील; तिसरी वाटेत चार्जिंग मागेल. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत!

चार गोष्टी विचाराव्यात

१. बॅटरीचा टक्का यंत्राने मोजून, तारखेसह लिहून दिला आहे का? नुसते ‘दोनशे मुद्दे तपासले’ पुरेसे नाही.

२. कंपनीची मूळ हमी किती उरली? त्या नेक्सॉनच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर हमी होती. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळते, हे हमीपत्रात वाचावे.

३. नंबर प्लेट पाहावी. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी गाडी, पिवळी अक्षरे म्हणजे भाड्याने चालणारी.

४. कागद पूर्ण आहेत का? मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्रही लागते.

मग निवड कशी करावी?

कंपनीची हमी तीन-चार वर्षे उरली असेल, ती आपल्या नावे होत असेल आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बॅटरीचा अहवाल दिला असेल, तर बिगर-सर्टिफाइड गाडीही चांगली. वाचलेले पैसे घरात राहतात. मूळ हमी संपत आली असेल तर सर्टिफाइड घ्यावी, पण विकणाऱ्याच्या हमीत ‘बॅटरी’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला असेल तरच. तो नसेल, तर जादा पैसे आपण केवळ शिक्क्यासाठी मोजतो.

स्वाध्याय

१. ४०.५ युनिटची बॅटरी ८० टक्के उरली आहे. एका युनिटला ७ किलोमीटर धरून गाडी किती चालेल?
२. व्यापाऱ्याने ६ लाखांना घेतलेली गाडी ७ लाखांना विकली. नफा १ लाख धरून १८ टक्क्यांनी कर किती?
३. वरील चार प्रश्न वहीत लिहून आई-बाबांना वाचून दाखवा.