न जाणवणाऱ्या रोगांची घरोघर नोंद

साथीचा रोग आपली वर्दी स्वतःच देतो. उच्च रक्तदाब व मधुमेह यांचे तसे नाही. हे विकार वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम करून असतात आणि माणूस मात्र नित्याप्रमाणे शेतावर वा कारखान्यात जात असतो. रुग्णालयात नोंद होते ती दवाखान्याची पायरी चढलेल्यांचीच. इतरांची गणना करावयाची तर त्यांच्या दारीच जावे लागते. राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांचे महत्त्व यातच आहे.

व्याप्ती वाढली

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये प्रथम झाले. आरंभी त्याचा भर कुटुंबनियोजन आणि माता-बालकांच्या आरोग्यावर होता. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत प्रौढांचा रक्तदाब व रक्तातील साखर मोजण्यास प्रारंभ झाला. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत कमरेच्या घेराचीही नोंद झाली. या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली.

मोजणीची शिस्त

जिना चढून आलेल्या किंवा यंत्र पाहून धास्तावलेल्या माणसाचा रक्तदाब क्षणभर वाढू शकतो. म्हणून तो पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजला जातो. प्रत्येक फेरीत पद्धत सारखी ठेवली, तरच दोन फेऱ्यांची तुलना करता येते. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये अतिवजन किंवा स्थूलता असणाऱ्यांचे प्रमाण चौथ्या फेरीत २०.६ टक्के होते. पाचव्या फेरीत ते २४ टक्के झाले. याच काळात कृश स्त्रियांचे प्रमाण २२.९ वरून १८.७ टक्क्यांवर आले. एक चिंता ओसरत असतानाच दुसरी उंबरठ्यावर आल्याचे यावरून दिसते. १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यावर औषध चालू होते, असेही पाचव्या फेरीत आढळले.

सहकार्याची गरज

सर्वेक्षणासाठी निवडलेले घर बंद आढळले वा त्याने नकार दिला, तर त्याऐवजी शेजारचे घर घेतले जात नाही. घरी सहज सापडणाऱ्यांचीच गणना झाली, तर दिवसभर कामावर असणारे नोंदीतून निसटतील आणि चित्र विपरीत होईल. म्हणून कार्यकर्ते पुन्हा त्याच दारी जातात. संमतीवाचून मोजमाप होत नाही. रक्तदाब व साखर किती भरली, हे त्या व्यक्तीस सांगितले जाते. अनेकांना आपल्या विकाराची पहिली वार्ता अशा वेळीच कळते. मात्र सर्वेक्षण म्हणजे निदान नव्हे. आकडा वाढलेला आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करून घेणे, हेच हिताचे होय.